लाईट नसताना वाजलेला सॅक्सोफोन

मंडळी, आज सकाळी दिनेशभाऊंनी आपल्या ग्रुपवर एका जॅझ रेकॉर्डच्या कव्हरचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "सकाळपासून दोनदा लावली. सॅक्सोफोन काळजात घुसून राहिला."

दिनेशभाऊ नेपियर टाउनात माझ्याच गल्लीत राहतात. आणि आमच्या गल्लीत पहाटेपासून लाईट नाही.

मला राहवलं नाही. त्यांच्या घरी गेलो, तर भाऊ बनियनवर पलंगावर बसून त्याच कव्हरनं वारा घेऊन राहिले होते.

म्हटलं, "भैया, लाईट नाही तर वाजली कशी?"

"अरे, शेकडो वेळा ऐकली आहे. मनात वाजते."

वहिनी आतून म्हणाल्या, "मनातच वाजवावी लागते. प्लेयरची सुई दिवाळीतच तुटली. अजून आणली कुठं?"

भाऊंनी वारा घेणं थांबवलं नाही. हाच माणूस मागच्या हप्त्यात मला सांगून राहिला होता की रॉक ऐकणाऱ्यांना कान नसतात.

घरी येऊन ती पोस्ट पुन्हा उघडली. खाली समोरच्या घरातल्या मेंबरची कमेंट आली होती: "क्या बात है भाऊ. तुमचं वाचून मीपण आत्ताच लावली. दुसरी बाजू तर लाजवाब."

हे महाशय थोड्या वेळापूर्वी माझ्या फाटकाशी उभे राहून विचारत होते, लाईट कधी येणार म्हणून.

लाईट अजूनही आली नाही. चलो, बाकीच्यांनीही सांगून टाका, आज तुम्ही काय ऐकून राहिले?