आधी त्याचं म्हणणं

आमच्या गावकीत एक रीत होती. समोरच्याला उत्तर द्यायचं तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो "व्हय, हेच म्हणतोय मी" म्हणाला, की मगच आपलं सुरू करायचं. वडखळजवळचं खाडीकाठचं गाव आमचं. बांध फुटला तर सगळ्यांचीच भातशेती खारी होणार, म्हणून भांडायचं तेही धड भांडायचं, असं जुनी माणसं म्हणायची.

माझा दोस्त या रीतीत पक्का. तो एका पक्षाचा, मी दुसऱ्याचा. चाळीस वर्षं पेणच्या बाजारात जाता-येता आम्ही एकमेकांची सालटी काढली आणि परतताना एकाच पुडीतली भजी खाल्ली. माझ्या पक्षाची बाजू कधी कधी तो माझ्यापेक्षा बरी मांडायचा. मेल्याचा रागच यायचा!

गेल्या निवडणुकीआधी बांध खचायला लागला. आपणच घमेली उचलायची की आमच्या पुढाऱ्यानं कबूल केलेल्या पक्क्या बांधाची वाट बघायची, यावर गावकी बसली. तो बराच वेळ बोलला. मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ घेत होतो. घरी येऊन त्यातलं एवढंच कापून गावच्या ग्रुपवर टाकलं: "येऊ दे खारं पाणी आत." मागचं-पुढचं उडवलं, मूळ व्हिडिओही पुसून टाकला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी टाकलं. निवडणूक होती ना! आणि खोटं कशाला बोलू, धडाधड अंगठे पडायला लागले तेव्हा मजा वाटली.

पुढच्या बैठकीत तो उभा राहिला, तर लोकांनी आपापल्या मोबाईलवर त्याचाच आवाज त्याला ऐकवला. गद्दार म्हणाले, शेतं खारी करून कंपनीला जमिनी द्यायला निघालाय म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचं खरं म्हणणं कुणीतरी उठून सांगायला हवं होतं आणि ते मीच सांगायला हवं होतं. मी खाली मान घालून चपलेची माती काढत बसलो. शेवटी तो खाली बसला. बांधावर कुणी गेलंच नाही. उधाणाला बांध फुटून खांड पडली आणि माझ्यासकट सगळ्यांच्या शेतात पाणी शिरलं. त्याबद्दलही लोकांनी माझ्या दोस्तालाच जबाबदार धरलं. कपाळ आमचं!

तो रोह्याला लेकीकडे राहायला गेला. गेल्या महिन्यात मी एसटीनं तिकडे गेलो. जावई धाटावच्या कारखान्यात रात्रीची शिफ्ट करून आत झोपलेला, म्हणून आम्ही ओटीवर हळू बोलत होतो. मी म्हटलं, "चुकलो रे. गावकीत उभा राहून खरं सांगतो सगळ्यांना. तू परत चल."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बरं. मग मी त्या दिवशी काय बोललो, ते सांग आधी."

मी तोंड उघडलं. तेच पाच शब्द आठवले. इतक्या वेळा ऐकले होते की आजूबाजूचं सगळं वाहून गेलं होतं. लेकीनं चहा आणून ठेवला. चहावर साय धरली, तरी तो माझ्याकडे बघत बसला होता, व्हय म्हणायला तयार.