घरी करायचे व्यायाम

"अजून थोडं वाकवा. दुखलं तरी थांबायचं नाही. दहापर्यंत मोजा आणि मग सोडा."

हे मी वंदनाच्या नवऱ्याला सांगत होते. वंदनाचा डावा हात त्याच्या हातात होता आणि तिचा कोपर कसा वाकवायचा ते मी त्याला शिकवत होते. त्याने अगदी शांतपणे दहा आकडे मोजले.

"असंच ना मॅडम?"

"असंच. छान करताय."

मी फिजिओथेरपिस्ट. नव्वदच्या दशकात वाशीच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरीला होते. त्या काळी निम्म्या लोकांना फिजिओथेरपी म्हणजे मालिश वाटायची, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. प्लास्टर निघतं तेव्हा हाड जुळलेलं असतं, पण सांधा आखडून बसलेला असतो. तो मोकळा करायचा, हे आमचं काम. रोज हॉस्पिटलला येणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून घरच्या एखाद्या माणसाला व्यायाम शिकवून पाठवायचं, अशी आमची पद्धत. त्याला होम प्रोग्राम म्हणतात. नातेवाईकाला सामील करून घ्या, पेशंट लवकर बरा होतो, असं कॉलेजात शिकवलं होतं. मी पुस्तकाबरहुकूम चालणारी. वय सव्वीस, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल शंका नाही.

वंदना (नाव बदललं आहे) तिशीची होती. कोपरखैरण्याला, बोनकोड्याच्या बाजूला नव्या सोसायटीत ती दोघं राहायची. बाथरूममध्ये घसरून पडली, असं केसपेपरवर लिहिलेलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. नवरा इस्त्रीच्या शर्टातला, मऊ बोलणारा. तिची पर्स स्वतः धरायचा. तिला प्रश्न विचारला की उत्तर तोच द्यायचा, आणि मला ती काळजी वाटायची. मी तिला कौतुकाने म्हटलंसुद्धा, "असे मिस्टर मिळायला नशीब लागतं हं." मी त्याला एक तक्ता आखून दिला. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा, झालं की टिक करायची.

पाच दिवसांनी ती दोघं परत आली. तक्ता पूर्ण भरलेला होता, एकही खाडा नव्हता. नवरा ऑफिसला फोन करायला बाहेर पीसीओवर गेला आणि मी गोनिओमीटर लावला. हा दोन पट्ट्यांचा कोनमापक असतो, सांधा किती अंश हलतो ते त्यावर कळतं. कोपर पूर्वी पंच्याण्णव अंशांपर्यंत वाकत होता. आता ऐंशीलाच अडला. वर सुजलेला आणि गरम.

मी वैतागले. "घरी व्यायाम करत नाही ना? नुसत्या टिका मारता?"

"करतो ना. सकाळ-संध्याकाळ."

"मग कमी कसा झाला?"

ती खाली बघत म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना मॅडम, दुखलं तरी थांबायचं नाही. ते थांबतच नाहीत."

आखडलेला कोपर जोर लावून वाकवला, तर आतला स्नायू फाटतो आणि त्या स्नायूत नवं हाड तयार व्हायला लागतं. मग तो सांधा जन्माचा जातो. हे मला माहीत होतं. पण असा जोर कुणी मुद्दाम लावेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

ती दोघं गेल्यावर सुमनमावशी पुढे आल्या. मावशी आमच्या डिपार्टमेंटच्या आया, करावे गावच्या. गरम पाण्याच्या पिशव्या भरणं, पेशंटला आत-बाहेर नेणं त्यांच्याकडे होतं.

"म्याडम, एक बोलू? ती बाय त्याच्यासमोर काय बोलत नाय. तो बाहेर गेला का मंग पानी मागते. पानी मागाला पन भिते."

मी वंदनाचा एक्स-रे काढून परत उजेडात धरला. माणूस पडताना हात टेकतो आणि हाड मोडतं ते बहुधा मनगटापाशी. वंदनाचं कोपर आणि मनगट यांच्यामधलं, करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलं होतं आणि शेजारचं धड होतं. अंगावर आलेला फटका अडवायला हात तोंडासमोर धरला, की हाड असं मोडतं. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मी बरोबर उत्तर लिहिलं होतं. तरी आठवडाभर हा एक्स-रे माझ्या टेबलावर पडून होता, आणि मी त्या माणसाला शाबासकी देत होते. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

एक्स-रे घेऊन मी सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे हाडांचे डॉक्टर, माझे बॉस.

"सर, हे पडून मोडलेलं नाही."

"नाहीच वाटत." त्यांनी मानही वर केली नाही.

"मग केसपेपरवर तसं का लिहिलंत?"

"पेशंट म्हणाली पडले, मी लिहिलं पडली. नवरा शेजारी उभा होता. तू काय लिहिलं असतंस?"

"आपण आता बदलू या. मारहाण लिहू या."

"मारहाण लिहिली की पोलिसांना कळवावं लागतं. पोलीस घरी जातील, चौकशी करतील आणि परत येतील. रात्री घरात कोण असेल? तू?" त्यांनी एक्स-रे माझ्याकडे सरकवला. "तिला विचारलंस, तिला काय हवंय?"

नव्हतं विचारलं. तिचं सगळं मी तिच्या नवऱ्यालाच विचारत आले होते.

"सर, निदान घरचे व्यायाम बंद करा. तुमच्या अक्षरात लिहा. माझं तो ऐकणार नाही."

सरांनी केसपेपर ओढला आणि लिहिलं: घरी कोणताही व्यायाम करू नये, अन्यथा सांधा कायमचा निकामी होईल. रोज एक तास डिपार्टमेंटमध्ये. पेशंटने एकटीने यावे. खाली सही, शिक्का. शेवटच्या अटीला वैद्यकीय आधार काडीचाही नव्हता. पण मोठ्या डॉक्टरच्या वाचता न येणाऱ्या अक्षरापुढे कुणाचं काही चालत नाही. वंदनाच्या नवऱ्याचंही चाललं नाही. त्याला रजा मिळत नव्हती, आणि बायकोचा हात निकामी झाला तर स्वयंपाक कोण करणार, हाही हिशेब असेल.

अशा रीतीने वंदनाला रोजचा एक तास मिळाला.

पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "मी हात वाकवणार. नको वाटलं की 'थांबा' म्हणायचं. मी थांबेन." तिने मान डोलावली. मी हात वाकवायला घेतला, तिचं कपाळ घामाने भिजलं, ओठ पांढरे पडले, पण तोंडातून शब्द नाही. मीच थांबले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. माझ्या लक्षात आलं, की आखडलाय तो नुसता कोपर नाही. चौथ्या दिवशी ती अगदी हळू म्हणाली, "थांबा." मी लगेच हात सोडला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच हात पुढे केला. "आता करा." जरा वेळाने परत "थांबा", मी परत थांबले. त्या दिवशी तिने ते सात-आठ वेळा केलं, निम्म्या वेळा दुखत नसताना. उगाच, मी खरंच थांबते का ते बघायला. शेवटी हसायला लागली. मावशी म्हणाल्या, "खेल चाललाय काय तुमचा?" मला आनंदाने रडू येत होतं, म्हणून मी आत जाऊन टॉवेलांच्या घड्या घातल्या.

मग मी तिला विचारलं. आडवळण न घेता. तिने सांगितलंही. लग्नाला सहा वर्षं, पहिल्या वर्षापासून चालू. आईवडील नाहीत. नेरूळला मोठी बहीण होती, पण तिच्याकडे जायला बंदी.

"पोलिसात जायचंय?" मी विचारलं.

"जायचंय. पण आधी ताईकडे जाते. मग लिहा, काय लिहायचं ते." क्रम तिने ठरवला, आणि तो आमच्यापेक्षा शहाणपणाचा होता. डिपार्टमेंटच्या फोनवरून तिने ताईच्या शेजाऱ्यांकडे फोन करून ताईला बोलावून घेतलं. पुढच्या सोमवारी नेहमीच्या वेळी ती व्यायामाला आली आणि इथूनच ताईबरोबर नेरूळला गेली. बरोबर फक्त पर्स आणि सर्टिफिकेटांची फाइल. मंगळवारी सरांनी केसपेपरवर खरं काय ते लिहिलं आणि पोलिसांना कळवलं.

बुधवारी नवरा आला. शर्ट इस्त्रीचाच.

"मॅडम, वंदनाची अपॉइंटमेंट किती वाजता असते आता?"

"पेशंटची माहिती बाहेर देत नाही आम्ही."

"मी बाहेरचा? मी नवरा आहे तिचा."

"नियम आहे."

असा नियम त्या काळी कुठेही नव्हता. मी तो तिथल्या तिथे केला. तो टेबलावरचं रजिस्टर ओढायला वाकला, तशा मावशी गरम पाण्याची पिशवी घेऊन मधे उभ्या राहिल्या. "सायब, लांब ऱ्हावा. पानी कढत हाय." तो गेला. त्यानंतर पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं, आणि तो आमच्याकडे परत फिरकला नाही. वंदनाची वेळ आम्ही सकाळी आठची केली. ताईचे मिस्टर सोडायला-न्यायला यायचे.

आता प्रश्न नोकरीचा होता. ताईचं घर लहान, आणि वंदनाला तिथे ओझं होऊन राहायचं नव्हतं. "नोकरी नाही मिळाली तर लोक मला परतच पाठवणार," ती म्हणायची. तिचं इंग्रजी टायपिंग झालेलं होतं. शिरवण्याजवळच्या एका कंपनीत टायपिस्टची जागा होती, टेस्ट तीन आठवड्यांनी. टायपिंगला तळहात पूर्ण पालथा व्हावा लागतो. तिचा डावा हात अर्ध्यातच अडायचा. मी रेकॉर्ड रूममधला जुना टाइपरायटर मागून आणला. तो उचलून आणताना मावशींनी मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. रोज अर्धा तास वंदना त्यावर माझे महिन्याचे रिपोर्ट टाइप करायची. तिचा व्यायाम झाला आणि माझं कंटाळवाणं काम परस्पर झालं.

पहिल्या टेस्टमध्ये ती नापास झाली. स्पीड कमी पडला, डावा हात मधेच थकला. मला वाटलं, आता ही खचणार.

"मी त्यांना सांगून आले," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी परत टेस्ट घ्या."

"आणि ते काय म्हणाले?"

"आधी नाही म्हणाले. मी तिथेच बसून राहिले. मग या म्हणाले."

दुसरी टेस्ट झाली. निकाल कळवतो म्हणाले होते. त्याच्या दोन दिवसांनी सकाळी आठ वाजता वंदना आली नाही. साडेआठ झाले, नऊ झाले. ताईच्या घरी फोन नव्हता, आणि शेजाऱ्यांचा कुणी उचलत नव्हतं. एवढ्या दिवसांत तिने एकही सिटिंग बुडवलं नव्हतं. मला नको नको ते दिसायला लागलं. त्याने रस्त्यात गाठलं असेल. किंवा चारचौघांनी समजूत घालून परत पाठवलं असेल, आणि हे तर मी कितीतरी घरांत पाहिलं होतं. पेशंट ताटकळत होते आणि माझं लक्ष दाराकडे. शेवटी दहा वाजता डिरेक्टरीत त्या कंपनीचा नंबर शोधला. टेस्टचं काही कळलं का, एवढं तरी विचारावं म्हणून फोन लावला.

पलीकडून एका बाईने कंपनीचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग."

"वंदना?"

"मॅडम!" तिचा आवाज एकदम खाली आला. "काल संध्याकाळी निरोप आला, आजपासूनच या. तुम्हाला कळवायचं राहिलं. आज व्यायामाला जमणार नाही. आणि मॅडम, आत्ता बोलता पण येणार नाही, साहेबांचं लेटर चालू आहे." तिने फोन ठेवला.

माझा फोन कुणी असा मधेच ठेवला तर मला राग येतो. तेव्हा मी रिसीव्हर हातात धरून कितीतरी वेळ हसत होते.

तिचा कोपर शेवटचे दहा अंश सरळ झालाच नाही. ते काही टायपिंगच्या आड येत नाही. तेव्हापासून होम प्रोग्राम देण्याआधी मी नातेवाईकाला बाहेर बसवते आणि पेशंटला विचारते, घरी तुम्हाला कुणी हात लावलेला चालेल? बरेच नातेवाईक चिडतात, वर तक्रार करतात. त्यांना मी सांगते, नियम आहे.