मातीचा श्वास वजा करून

माझ्या धाकट्या भावाने पेढे आणले तेव्हा चाचणी अर्धीसुद्धा झाली नव्हती.

पिरंगुटजवळच्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी करते. बंद बरण्यांमध्ये मुरलेलं कंपोस्ट भरायचं, तपासायची वस्तू बारीक कातरून त्यात मिसळायची आणि आत किती कार्बन डायऑक्साइड तयार होतो ते रेस्पिरोमीटरवर मोजायचं. वस्तू खरंच कुजत असेल तर जंतू ती खातात आणि श्वास सोडतात. त्या श्वासाचं माप म्हणजे आमचा निकाल.

भावाचा उरवड्यात रोपांच्या पिशव्यांचा कारखाना आहे. पिशवीसकट रोप लावा, पिशवी मातीत जिरेल, असं तो सांगायचा. त्याचा नमुना आला तेव्हा मी साहेबांना म्हटलं, हा माझ्या सख्ख्या भावाचा माल आहे, दुसऱ्या कुणाला द्या. साहेब म्हणाले, "यंत्राला नातं कळत नाही. तुम्हीच करा."

भाऊ बघायला आला. पडद्यावरची रेघ वर चाललेली पाहून हरखलाच. "ताई, चढतीया की! पिशवी जिरतीया!" आणि पेढ्यांचा पुडा उघडला.

"ठेव तो पुडा," मी म्हटलं. "ही शेजारची बरणी बघ. हिच्यात पिशवीच न्हाई, नुसतं कंपोस्ट हाय."

तिचीही रेघ तशीच चढत होती. कंपोस्ट जिवंत असतं, ते आपलं आपण श्वास घेतं. तो श्वास वजा करायचा आणि उरेल ते पिशवीचं. चाचणी संपली तेव्हाही वजाबाकीत पिशवीचं म्हणण्यासारखं काही उरलं नाही.

त्या संध्याकाळी तो आईला घेऊन सूसला माझ्या घरी आला. "वजाबाकी कोण बघतंय, ताई? वरचाच आकडा लिही. कारखान्यात आपल्याच वाडीची माणसं हायेत."

आई त्याच्याही पुढची. "भावाच्या पोटावर पाय देतीस व्हय गं? तुला माहेर पायजे का न्हाई?"

माझं डोकं फिरलं. जमीन विकायची ठरली तेव्हा याच दोघांनी मला कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. लेकीनं वाटा मागायचा नसतो म्हणे. मी ब्र काढला नाही, साडी घेऊन हसत परत आले. आता माझ्या हातचा निकालही यांनाच हवा होता. दुसऱ्याच्या शेतात प्लॅस्टिक पुरायचं आणि त्यावर सही माझी! मी नाही म्हणाले. चहा न घेताच दोघं निघून गेली.

रिपोर्ट होता तसा गेला.

भाऊबीजेला तो आला नाही. मी दुपारपर्यंत वाट पाहिली, वाईट वाटलं, मग रागच आला. निरांजन, सुपारी, करंज्या पिशवीत भरल्या, गाडी काढली आणि तडक माहेरी गेले.

आई दारातच आडवी उभी. "रिपोर्ट बदललास का?"

"न्हाई."

"मग कशाला आलीस?"

भाऊ आतल्या खोलीत होता, ऐकत होता. मी चपला काढल्या, आईच्या बाजूने आत शिरले, भिंतीला टेकवलेला पाट घेतला आणि मधोमध मांडला.

"जमीन सोडली म्या," मी म्हटलं. "माहेर सोडल्याची सही दाखव कुटं हाय ती. आन् त्याला बाहेर पाठव, ओवाळायचंय."