झाकण काढणारा वीरुपाक्ष

वीरुपाक्षबद्दल आमच्या पूर्ण्यात कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. म्हणून मीच लिहायला बसलो. गेली सहा वर्षं त्याच्यामुळे माझ्या पोटात दुखतंय, आणि ज्याच्या पोटात दुखतं तो समोरच्याला फार बारकाईने बघतो. कौतुक करणाऱ्यांना तेवढी सवड नसते.

मी महारुद्र. स्टेशन रोडला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. लोक रेल्वे भरतीचे फॉर्म हाताने भरायचे तेव्हापासूनचं. काचेचं दार, आत एसी. कोर किती, गिगाहर्ट्झ किती, प्रोसेसर कितव्या पिढीचा, सगळं मला तोंडपाठ. माझ्या बोलण्याने गिऱ्हाईक दबून जायचं आणि मला ते आवडायचं. गावात कुणाचं मशीन बंद पडलं की लोक म्हणायचे, महारुद्रला विचारा. एवढंच वाक्य माझ्या मालकीचं होतं. ते त्याने नेलं.

तो वालूरच्या लिंगायत व्यापारी घरातला. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात पांढरा शर्ट. बायको ईश्वरी हिचं बांगड्यांचं दुकान आहे, त्याच्या एका कोपऱ्यात हा बसतो. पाटीसुद्धा नाही. एक टेबल आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची मशीनच्या मालकाची, कारण मालक शेजारी बसल्याशिवाय हा माणूस स्क्रूला हात लावत नाही.

‘ठेवून जा, संध्याकाळी या’ हे आमच्या धंद्यातलं ठरलेलं बोलणं. हा म्हणतो, “ठेवून जाऊ नका. बसा. मशीन तुमचं हाय, आत काय हाय ते तुमाला दिसाय पायजे.” मग झाकण काढतो, ब्रशने धूळ झाडतो आणि मालकाला बोट लावून दाखवतो. “ह्या पंख्याखाली प्रोसेसर हाय. तुमाला काम काय करायचंय? पत्रं टाइप करायची अन् लेकीचा अभ्यास? मग ह्याला काय धाड भरलीय? खामखा नवा घेऊ नका.”

नवा घेऊ नका! दुकान मांडून बसलेला माणूस हे सांगतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, दोन महिन्यांत गाशा गुंडाळून वालूरला जाईल. झालं उलटंच. काचेच्या दाराआड मी एकटा आणि बांगड्यांच्या दुकानासमोर रेल्वेचे बाबू, मास्तर, वकील मशीन मांडीवर घेऊन बसलेले.

त्यात आमची सुमन बांगड्या भरायला तिथंच जाते. परत आली की सांगते, “ते वीरुपाक्ष अप्पा काय शांतपनी समजून सांगतात हो. आज मला रॅम म्हंजे काय ते कळलं.” बावीस वर्षं झाली लग्नाला. बावीस वर्षं मी या बाईला रॅम सांगतोय.

त्याची मतं तर ऐकवत नाहीत. सगळं गाव चोरीचं सॉफ्टवेअर वापरतं. मीही ते गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये टाकून देतो, नाही म्हणत नाही. वीरुपाक्ष टाकत नाही. “चोरून कामून घ्यायचं? कुनी राजीखुशीनं फुकट दिलेलं घ्या की,” म्हणतो, आणि जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर टाकतो. मी चहाच्या हॉटेलात चार जणांना सांगितलं की फुकटच्या सॉफ्टवेअरमधून परदेशातला कुणीतरी आपलं सगळं बघत असतो. खोटंच सांगितलं. ते त्याच्या कानावर गेलं, तर चिडला नाही. त्या चौघांना म्हणाला, “ह्याच्यात काय लिवलंय ते कुनालाबी वाचता येतं. महारुद्रभाऊंना म्हनावं, तुमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं झाकन काढून दाखवा एकदा.” हॉटेलात लोक पोट धरून हसले. मी आठ दिवस चहा दुकानातच मागवला.

पण एका ठिकाणी त्याचा हात पोचत नव्हता. ते म्हणजे आमच्या गावची शाळा. तिथली वीस मशीन मी आठ वर्षांपूर्वी विकलेली. तेव्हापासून दर खंडेनवमीला मी स्वतः झेंडूचे हार, हळद-कुंकू, अक्षता, पेढे घेऊन जायचो आणि प्रत्येक मशीनची मनोभावे पूजा करायचो. माझे फोटो स्टेटसला लागायचे आणि शेकडो लोक बघायचे. अशी सेवा कोण देतं? वीरुपाक्ष तरी कधी कुणाच्या मशीनला हार घालायला गेलाय का?

या वर्षी खंडेनवमीच्या आधीच सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपनीने जाहीर केलं की जुन्या सॉफ्टवेअरची सुरक्षा बंद, आणि नवं सॉफ्टवेअर जुन्या पिढीच्या प्रोसेसरवर चालणार नाही. मला तर दिवाळीच आली. शाळेत गेलो, मशीन चालू करून बघितली. सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागत होती. लगेच रिपोर्ट लिहून दिला : प्रोसेसर कालबाह्य, वीसही मशीन निकामी, नवीन घ्यावीत. मुख्याध्यापिका राजेश्री मॅडम याच जूनमध्ये बदलून आलेल्या. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, “वीरुपाक्ष अप्पांचंही मत घेते. सगळे म्हणतात, त्यांना विचारा.”

सगळे म्हणतात, त्यांना विचारा. माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. पैशाचं मी नंतर बघितलं असतं, पण ही शाळा गेली असती तर गावात मला विचारणारं कुणीच उरलं नसतं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

वीरुपाक्षने निरोप दिला की मशीन विकणारा आणि मॅडम दोघं समोर असतील तरच झाकण काढीन. म्हणून मंगळवारी दुपारी आम्ही तिघं लॅबमध्ये उभे होतो. त्याने अजून पिशवीही उघडली नव्हती, तोच मी सुरू झालो. “अप्पा, कंपनीनं किती वर्षं जुनं सांभाळायचं? तिला धंदा करायचाय का न्हाई?”

“करावा की,” तो म्हणाला. “पन चालतं मशीन मोडीत काढायचं तर निदान मालकाला इचारावं. तारीख त्यांनी ठरवायची अन् कचरा आपल्या गावात. हे इमानाचं हाय का, भाऊ?”

“चालतं कुठाय? दहा मिनिटं लागायलीत उठायला!”

“ते बगू,” म्हणून त्याने पहिल्या मशीनचं झाकण काढलं.

आधी वास आला. उदबत्तीचा, आणि कसला तरी आंबूस. मग दिसलं. मशीनच्या डोक्यावर हवेसाठी जाळी असते, तिच्यातून आत पडलेलं कुंकू प्रोसेसरच्या पंख्यावर थरावर थर बसलेलं. पात्यांत अक्षता रुतलेल्या. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, पेढ्याचा चुरा, त्याला लागलेल्या आणि तिथंच मेलेल्या मुंग्या. पंखा फिरणं शक्यच नव्हतं. पंखा नाही म्हणजे प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःच हळू चालतो. हे मला माहीत होतं. तोंडपाठ होतं. पण रिपोर्ट लिहिताना मी एकही झाकण काढलं नव्हतं.

वीरुपाक्षने ब्रश काढला. पाऊण तास तो एकेक अक्षता चिमट्याने वेचत होता. मग मशीन चालू केलं. मॅडमनी घड्याळ बघितलं. दीड मिनिटात मशीन उठलं.

“प्रोसेसर ठनठनीत हाय,” तो म्हणाला. “सॉफ्टवेअर मोफतचं टाकू, त्याला जुन्या पिढीचं वावडं न्हाई. आनखी चार-पाच वर्षं पोरं शिकतील ह्याच्यावर.”

मॅडम त्या लाल ढिगाकडे बघत होत्या. “पण हा उद्योग कुणाचा? अप्पा, तुम्हाला काही कल्पना?”

 त्याला ठाऊक होतं. माझं स्टेटस तोही बघतो. दर वर्षी त्याचा हात जोडलेला रिप्लाय येतो. एक शब्द बोलला असता तर मी या गावात संपलो असतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर बोललोच असतो, वर मीठमसाला लावून.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. ब्रश झटकत म्हणाला, “शाळा हाय मॅडम. लेकरं पूजा करतात, मास्तर करतात. कुनाचं नाव घ्यायचं? कुनीतरी जीव लावूनच टाकलंय.”

मी वाचलो होतो. गप बसलो असतो तर मॅडमनी पुढे विचारलंही नसतं. पण खरं सांगतो, मला ते सोसवलं नाही. माझं गिऱ्हाईक त्याचं, माझं वाक्य त्याचं, घरातलं कौतुकही त्याचंच. आता माझी अब्रूसुद्धा त्याने ठेवायची? उद्यापासून त्याच्या दुकानावरून जाताना मी मान खाली घालायची आणि त्याने कुणालाच काही सांगायचं नाही? माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

“मॅडम, मी टाकलंय ते,” मी ओरडलोच. “दर खंडेनवमीला. वीसही मशीनवर. अन् रिपोर्ट मी न उघडता लिहिला.”

 राजेश्री मॅडमनी माझा रिपोर्ट दुमडून माझ्या हातात दिला आणि काम वीरुपाक्षला दिलं. वर म्हणाल्या, “इतकं खरं बोलणारा माणूस मी बघितला नाही.” गावात आता तेच चालू आहे. महारुद्र लय इमानदार माणूस, म्हणतात. सुमनसुद्धा म्हणते.

त्या दिवशी वऱ्हांड्यात चपला घालताना वीरुपाक्ष माझ्याजवळ आला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा गोंधळलेला दिसला.

“भाऊ, कामून बोललात? मी गप होतो की.”

“तुमी गप होतात म्हनूनच,” मी म्हणालो.