घरमालकांचा डावा हात

आमच्या घरमालकांइतका वाईट पियानो अख्ख्या वऱ्हाडात कुणी वाजवत नसेल, आणि त्यांच्याइतक्या निश्चिंत मनाने तर जगात कुणीच वाजवत नसेल. पहिल्या विधानावर वाद होण्याचं कारण नाही, कारण अकोल्यातल्या आमच्या गल्लीत दुसरा पियानोच नाही. दुसऱ्याबद्दल मात्र मी शपथेवर साक्ष द्यायला तयार आहे. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि त्यांचा पियानो बरोबर माझ्या पलंगाखाली येतो.

काका निवृत्त वकील. सगळा जन्म कोर्टात गेला, त्यामुळे कोर्ट अजून त्यांच्यातून गेलेलं नाही. प्लंबरला ते पुढची तारीख देतात. भाजीत मीठ जास्त पडलं तर काकूंकडे हरकत नोंदवतात आणि काकू ती तिथल्या तिथे फेटाळतात. पियानोला बसताना खाली पायजमा असला तरी वर काळा कोट लागतोच. असं का म्हणून विचारलं तर म्हणाले, "कोट घातला का पाठ सरळ राह्यते." मे महिन्यात मात्र कोट खुंटीवर जातो, कारण त्यांच्या मते उन्हाळ्यात खालच्या कोर्टालाही तो माफ असतो. आता अकोल्याचा मे म्हणजे काय ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. कूलरसमोरची जागा मिळाली नाही म्हणून इथे जावई रुसलेले मी पाहिले आहेत. पण ओल्या हवेने लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात असं कुणीतरी सांगितल्यापासून काकांनी पियानोच्या खोलीतला कूलर काढून टाकला. भर दुपारी घामाने निथळत, बनियनवर बसून हा माणूस एकेक सूर शोधत असतो, आणि वर कूलरसमोर पडून मला स्वतःची लाज वाटते.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. काका मूळचे पेटीवाले. कॉलनीच्या भजनी मंडळात ते पेटीवर आणि काकू गायला, असा कित्येक वर्षांचा गुरुवार होता. काकूंचा आवाज मी ऐकलेला आहे. मोठा नव्हता, पण लांब होता. एक सूर धरून ठेवायच्या आणि आपण त्यात खुशाल बसून राहायचं. मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जिवावरचं गळ्यावर निभावलं असं सगळे म्हणाले, काकूही म्हणाल्या. आवाज परत आला, पण तुटका. अर्धी ओळ नीट जायची आणि पुढे नुसती हवा. एका संध्याकाळी काका पेटी घेऊन बसले, काकूंनी सुरुवात केली आणि मधेच थांबून त्यांनी स्वतःच्या हाताने पेटीवर गवसणी घातली.

"पेटीचा सूर तुटत नाई, माहा तुटते," त्या म्हणाल्या. "ते मले उघडं पाडते."

त्यानंतर त्या घरात गाणं बंद झालं. पोळ्या लाटताना गुणगुणणंही बंद.  आयुष्यभर समोरच्या वकिलाला गप्प करणारे काका नुसते व्हरांड्यात बसून राहायचे आणि वर्तमानपत्र उलटंपालटं करायचे.

पुढे एका वारलेल्या जुन्या पक्षकाराच्या बंगल्याचा ताबा वारसांना द्यायला ते अमरावतीला गेले. बहिणीला भेटायचं म्हणून काकूही बरोबर होत्या. बंगल्याच्या दिवाणखान्यात एक जुना पियानो पडलेला होता. काकांनी सहज एक पट्टी दाबली आणि पेटीच्या सवयीने दाबूनच धरली. सूर निघाला, थोडा वेळ थांबला आणि आपला आपण विरून गेला. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा तेच. दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "याचाबी सूर तुटते वाट्टे." बस, एवढंच. पण किती तरी महिन्यांनी त्या एखाद्या सुराबद्दल काही बोलल्या होत्या. पुढे एकदा जिन्यात थांबवून काकांनी मला हे सांगितलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "म्हटलं, हेच शिकतो. तिले सोबत होईन."

वारसांना तो पियानो कुणीतरी उचलून नेला तर हवाच होता. ओळखीच्या एका जिनिंगवाल्याचा ट्रक रुईच्या गाठी घेऊन अकोल्याला निघाला होता, त्या गाठींमध्ये बसून पियानो आमच्या गल्लीत उतरला. पुढे बरेच दिवस जोरात पट्टी दाबली की सुराबरोबर थोडा कापूसही उडायचा. बघायला आलेल्यांपैकी एकाने वजन किती भरलं ते विचारलं. वाजतो कसा, हे कुणीच विचारलं नाही.

अकोल्यात त्यांना शिकवणारं कुणी सापडेना, म्हणून दर रविवारी सकाळची बस धरून काका अमरावतीला जाऊ लागले. शिकवणारी मुलगी त्यांच्या नातीच्या वयाची. ती खोलीत आली की काका न्यायाधीश आल्यासारखे उठून उभे राहतात आणि त्यांचं बघून बाकीची चिल्लीपिल्लीही उभी राहतात. बिचारीने खूप सांगून पाहिलं, आता तिनेच नाद सोडला आहे.

खरी अडचण होती डाव्या हाताची. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर एकच काम करतो, भाता हलवतो. काकांचा उजवा हात पट्ट्यांवर गेला रे गेला, की डावा आपोआप वर उठायचा आणि पियानोच्या पाठीमागे नसलेला भाता मारायला लागायचा. मुलं खिदळायची. मॅडम हळूच सांगायच्या की काका, याला हवा भरावी लागत नाही. त्यावर काका अत्यंत नम्रपणे म्हणायचे, "मले समजते मॅडम. याले नाई समजत." घरी आले की मला सांगायचे, उजवा हात आपला पक्षकार आहे, पण डावा समोरच्या पार्टीला फितूर झालेला आहे.

या फितुराला वठणीवर आणण्यासाठी त्यांनी जे केलं ते बघून मी त्यांना मनातून नमस्कार केला. फाटकाची कडी डाव्या हाताने. दात डाव्या हाताने. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा आल्या, तर सोले, म्हणजे ओले दाणे, काढायचं काम मागून घेतलं आणि मॅडमनी बोटांना दिलेल्या क्रमाने एकेक दाणा अंगठ्याने, मग पहिल्या बोटाने, असा करंगळीपर्यंत काढत बसले. सोल्यांची भाजी त्या हिवाळ्यात आमच्याकडे कायम रात्री उशिरा झाली. काकू वैतागायच्या, पण टोपली त्यांच्यापुढून ओढून घेत नसत.

त्यांनी मॅडमकडून एकच चीज बसवून घेतली होती. काकूंना त्यांच्या आईकडून मिळालेली एक भूपाळी. तिच्यात एका ओळीच्या शेवटी उजवा हात थांबतो आणि डाव्याने एकट्याने चार सूर पुढे न्यायचे असतात. नेमका तिथेच काकांचा डावा हात उठून भाता मारायला जायचा. रोज सकाळी भूपाळी तिथपर्यंत यायची आणि तिथे खड्डा पडायचा. मी वर पलंगावर त्या खड्ड्याची वाट बघत पडलेला असायचो. एका सकाळी तसाच खड्डा पडला आणि स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. चारच सूर. थोडे खरखरीत, शेवटचा तर अर्धाच. चुकणाऱ्याला चिडून योग्य शब्द सांगावा तशा त्या गायल्या होत्या. पियानो काही घडलंच नाही अशा थाटात पुढच्या ओळीला लागला. त्या दिवसापासून तो खड्डा काकू भरतात.

गेल्या महिन्यात माझं अमरावतीला काम होतं, म्हणून मी काकांबरोबर त्यांच्या शिकवणीला गेलो. मॅडमनी भूपाळी वाजवायला सांगितली. ती ओळ आली, उजवा हात थांबला आणि डाव्या हाताने ते चार सूर स्वच्छ, एकही न चुकता वाजवले. मुलंही खिदळली नाहीत. मॅडम म्हणाल्या, काकांचा डावा हात तर दिवाळीपासूनच तयार आहे.

परतीच्या बसमध्ये बडनेरा मागे पडलं. मग मी विचारलं, घरी डावा हात कशाले चुकते? काका खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "घरी त्याची तारीख नसते." आणि माझ्याकडे वळून, "तिच्याजवळ बोलू नका."

मी बोललो नाही. या माणसावर माझं प्रेम आहे हे मात्र इथे सांगून टाकतो.

अलीकडे थंडीने काकूंचा गळा धरतो. एखाद्या सकाळी ती ओळ येते, उजवा हात थांबतो आणि खाली काहीच ऐकू येत नाही.  डावा हात ते सूर वाजवत नाही. काका जरा वाट बघतात आणि भूपाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.