देवकापसाची गादी

बाळाबाईसारखी हट्टी बाई आमच्या शुक्रवार पेठेत दुसरी झाली नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगत आले. भिंतीला भिंत लागून आमची घरं. तिचा नवरा आकाराम उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होता. उमेदीची सगळी वर्षं साच्याच्या वाळूत गेली, वाळू त्याच्या छातीत गेली, आणि पन्नाशीच्या आत माणूस घरी बसला. श्वास घेताना अशी घरघर व्हायची की माझ्या चुलीपाशी ऐकू यायची. आडवं झालं की ढास लागायची, म्हणून कॉटवर भिंतीला टेकून बसून रात्र काढायचा. एकदा मला म्हणाला, "अंबू, मरणाचं काय न्हाई गं. पर एकदा आडवं पडून झोपायचं हाय बघ मला." मी चहा ठेवला.

डॉक्टरनं सांगितलं, धूळ नको, पावडर नको, कसला उग्र वास नको, आधी ती गादी बदला. त्या काळी घरोघरी ढेकूण, आणि घरोघरी गादीत मारायची पावडर. आकारामच्या गादीत ती वर्षानुवर्षं मुरलेली. बाळाबाईनं त्याच दिवशी गादी बाहेर ओढून काढली आणि नवी आणायला निघाली. मीही गेले. कुणीतरी भांडण सोडवायला नको?

पहिल्याच दुकानात तिनं केसातली पिन काढून गादीची शिवण उसवली. मूठभर कापूस ओढला आणि नाकाला लावला.

"ह्यात गिरणीचा कचरा भरलाय. रंगाचा वास मारतोय."

"ओ वैनी, गादी घ्यायला आलाय का वास घ्यायला?" दुकानदार उखडला.

"वास घ्यायलाच आलोय! झोपायला न्हवं!"

मी तिला दंडाला धरून बाहेर काढली. दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यानं मोठ्या कौतुकानं फोमची गादी दाखवली, नवीनच निघाली होती. तिला रबराचा असा भपकारा की मलाच ठसका लागला. सगळे शपथेवर सांगत होते, एकदम शुद्ध माल. शुद्ध म्हणे, डोंबल!

मग ती कुरुंदवाडला गेली, शेतकऱ्याकडूनच कापूस घ्यायला. तो बिचारा खरं बोलला. फवारल्याबिगर बोंड हाताला लागत न्हाई, म्हणाला. परत येताना तिला एका घराच्या परसात देवकापसाचं झाड दिसलं. देवाच्या वातींसाठी म्हाताऱ्या लावतात ते. त्या घरची म्हातारी म्हणाली, "देवाच्या झाडाला कोण औषध मारतंय, बाई?" झालं! बाळाबाईला तेवढंच पाहिजे होतं.

एका झाडाचा कापूस म्हणजे ओंजळभर. त्याची गादी करायची म्हणजे वेडेपणाच, आणि मी तसं म्हणालेही. पण ती कुरुंदवाडपासून कोडोलीपर्यंत गावोगाव हिंडली, परसापरसात जाऊन पदर पसरला. कुणी दिला, कुणी हाकललं. एक म्हातारी तर अंगावर धावून आली. "देवाच्या वातीचा कापूस माणसाच्या बुडाखाली घालतीस? जळलं तुझं लक्षण!"

"देव एक दिस अंधारात बसंल," बाळाबाई म्हणाली. "माझ्या माणसाला झोप न्हाई."

मी कानाला हात लावले. दिवाळीला सुरू केलेलं, शिमगा आला तरी हिचं चाललेलंच. तूस उडून त्याच्या नाकात जाईल म्हणून सरकी काढायचं काम माझ्या सोप्यात. मी कुरकुरायची आणि सरकी काढायची.

पिंजाऱ्याकडे तर तिनं कहर केला. आधी त्याची जागा झाडून पुसून घेतली, त्याची धनुकली पुसायला लावली, दुसऱ्याच्या गादीचं एक तूस यात यायला नको म्हणून. मग समोरच बसून राहिली. पिंजारी हसायला लागला, "मावशी, गादी भरायची हाय का देवाचा परसाद करायचा हाय?" खोळीच्या नव्या कापडाची खळसुद्धा तिनं धुऊन धुऊन काढली होती. गादी झाली ती पातळच, पण नाक खुपसलं तर उन्हाशिवाय कसलाही वास नाही.

सकाळी गादी कॉटवर घातली. आकाराम भीतभीत आडवा झाला. जरा खोकला. मग कुशीवर वळला. आम्ही दोघी बघत उभ्या. घरघर उतरत गेली, उतरत गेली आणि थांबली. मी घाईनं नाकापुढं हात धरला तर श्वास ऊनऊन, संथ. झोपला होता हो! बाळाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हुंदका आवरला. मग धुण्याची बादली उचलून कुजबुजली, "चल घाटावर. घरात आवाज नको."

दार नुसतं लोटून आम्ही पंचगंगेवर गेलो. जन्मात पहिल्यांदा तिला धुणं धुताना गुणगुणताना ऐकलं.

इकडं कोडोलीहून आकारामचा थोरला भाऊ हंबीरराव आला. भावाला बघायला अधनंमधनं यायचा. त्याला ती घरघर गल्लीतनंच ऐकायची सवय. आज घर गप्प. आत भाऊ आडवा पडलेला, तोंड उघडं. हाका मारल्या तरी हलेना. कसा हलणार? किती वर्षांची झोप साठलेली. हंबीरराव धरूनच चालला की शेवटचा श्वास चाललाय. आमच्यात माणसाचा जीव कॉटवर जाऊ देत नाहीत. गेला तर त्याला गती नाही म्हणतात. जीव आहे तोवर खाली घ्यायचं, सारवलेल्या भुईवर. हंबीररावानं हाळी दिली. गल्ली गोळा झाली. कुणी घाईघाईनं भुई सारवली, चौघांनी उचलला, ओल्या सारवणावर ठेवला आणि तोंडात गंगा ओतली. ते पाणी गेलं श्वासनळीत.

आम्ही आलो तेव्हा दारात बायका डोळ्याला पदर लावून उभ्या. आत आकाराम खोकून खोकून काळानिळा झालेला, डोळे बाहेर आलेले. बाळाबाईच्या हातनं बादली पडली.

"जित्ता हाय की त्यो! वर घ्या! गादीवर घ्या त्येला!"

हंबीरराव स्वतःच रडत होता. "पोरी, एकदा खाली घेतलेलं माणूस परत वर घेत न्हाईत. घराचं वाटोळं हुतंय."

"मग गादी खाली हातरतो! भुईवरच हाय की!"

"भुईला अंग लागाय पायजे."

उचलायला मी आकारामचे पाय धरले, तिनं खांदे धरले. आम्हाला बायकांनी मागं ओढलं. माझ्याच शेजारणी! गादी हंबीररावानं उचलून समोरच्या घरात नेऊन कोंडली. अजून आठवलं की माझ्या अंगाची लाही होते. वाईट माणूस नव्हता हो तो. वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

आकाराम काही लगेच गेला नाही. गार भुईवर ताप चढला, घरघर पहिल्यापेक्षा वाढली. लोक घरी जाऊन जेवून आले, पुन्हा दारात बसले. वाट बघत होते. दुसरं काय म्हणू त्याला? दिवेलागणीला त्यानं डोळे उघडले, हातानं खालची भुई चाचपली.

"गादी कुठं गेली गं?"

"उन्हाला टाकलीया," बाळाबाई म्हणाली. "आणतो."

"आण लवकर. लई झ्याक झोप लागलेली मला. का काढलीस गं?"

त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती थोपटत राहिली. उजाडता उजाडता तो गेला.

रक्षा सावडून आल्यावर माणसं सोप्यात बसली होती. हंबीरराव डोळे पुसत सगळ्यांना सांगत होता, आकारामचं सोनं झालं, वेळेवर खाली घेतला म्हणून बरं. माणसं माना डोलावत होती. बाळाबाई आतनं आली. थोरल्या दिरापुढं तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, आज तो खांद्यावर होता. त्याच्यापुढं येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"भावजी, त्यो मरत नव्हता. झोपला हुता."