रुखवतातलं सोनेरी तबक

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी हिशेबखात्यात होतो, तिथे एका शेडमध्ये ॲल्युमिनियमला सोनेरी रंग चढवत. जेवणाच्या सुट्टीत दारातून दोन-चारदा डोकावलो आणि हे आपल्यालाही जमेल असं माझं ठाम मत झालं. माझी मतं फार लवकर ठाम होतात. मेव्हणीचं लग्न ठरलं तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, रुखवतात आपलं सोनेरी तबक असेल. तिने ते लगोलग माहेरी कळवलं. आता तबक झालं नाही, तर मांडवात मान खाली तिची जाणार होती.

कृती ऐकायला सोपी. बॅटरीचं ॲसिड पाण्यात ओतायचं, कडेला शिशाचे पत्रे, मधे ॲल्युमिनियमचं तबक. ट्रकच्या बॅटरीची वीज सोडली की धातूवर बारीक छिद्रांची नवी कातडी धरते आणि ती रंग पिते. माझ्या तबकाने थेंबभरही प्यायला नाही. नळाखाली धरलं तर सगळा पिवळा रंग मोरीत.

"सोनं वाहून गेलं वाटतं," बायको म्हणाली.

तबक मी तांब्याच्या तारेने टांगलं होतं. ॲसिडने तार खाल्ली आणि वीज मधेच तुटली. दुसऱ्या तबकाला ॲल्युमिनियमची तार लावली, तर वैशाखाच्या उन्हाने ॲसिड इतकं तापलं की कातडी खडूसारखी बोटाला लागली. मग रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला आणि ॲसिडचं प्लास्टिकचं घमेलं त्यात बसवलं.

"पाहुण्यांना सरबत नाही अजून, आणि ॲसिडला बर्फ," बायको पुटपुटली.

तिसरं तबक धुतलं आणि कातडी धरली का ते बघायला बॅटरी-बल्बच्या दोन तारा त्याला टेकवल्या. बल्ब लागेना. तारा बदलल्या, जागा बदलली, तरी लागेना. धातू तोच, चमक तीच, पण वीज आत घ्यायला तयार नाही; म्हणजे कातडी धरली होती. बर्फाच्या गारव्यात धरलेल्या त्या कातडीकडे मी बघतच राहिलो. बायको कुंकवाचा करंडा घेऊन आली. मग म्हणाली, "अहो थांबा, शुभकार्याची वस्तू अशीच रंगात घालायची?" आणि मी काही बोलायच्या आत तिने ओल्या बोटाने मधोमध कुंकू लावलं.

मी पुसलं. साबणाने घासलं. उघड्या कातडीने कुंकू पिऊन टाकलं होतं. लग्न दुसऱ्या दिवशी. तसंच रंगात घातलं आणि उकळत्या पाण्यात ठेवून छिद्रं मिटवली. तबक सोनेरी झालं, अगदी झळझळीत. मधे तांबडा ठसा.

मांडवात वराकडच्या आत्याबाई रुखवत बघायला आल्या. बायकोने ठशावर लाडू रचले होते. आत्याबाईंनी नेमका तिथलाच उचलला.

"डाग राहिला गं इथे."

मी केळीच्या खांबामागे सरकलो.

"डाग नाही, आत्या," बायको म्हणाली. "कुंकवाचं बोट आहे माझं."

आत्याबाईंनी पदराने पुसलं, नखाने खरवडलं. निघेना. चष्मा लावून वाकल्या. "अगं बाई, रेघ न् रेघ उमटलीय की." मग मेव्हणीकडे वळून म्हणाल्या, "हे झाकू नका गं. काढा ते लाडू."

लाडू निघाल्यावर मीही खांबामागून पुढे होऊन वाकलो. कारखान्याच्या शेडमध्ये असलं काही पाहिलं नव्हतं. आणि बायकोच्या बोटावरच्या रेघाही, इतकी वर्षं संसार करून, मी पहिल्यांदाच पाहत होतो.